ऑफिसच्या ६२ संगणकांची घड्याळं जुळवली, कुणालाही ॲडमिन हक्क न देता

आमच्या डिस्पॅचमधल्या काकांच्या संगणकावर चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली होती. वर ‘तारीख’ असं लिहिलेलं आणि खाली ॲडमिनचा, म्हणजे संगणकात काहीही बदलायचे हक्क असलेल्या खात्याचा, पासवर्ड. रात्री वीज गेली की सकाळी त्या संगणकावर १ जानेवारी २००९ उजाडायचा. मग ब्राउझर ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ म्हणून अडून बसायचा, ई-वे बिलाची साइट उघडायची नाही, आणि बाहेर टेम्पोवाला खोळंबलेला. काका चिठ्ठी बघून पासवर्ड टाकायचे, भिंतीवरच्या घड्याळावरून तारीख-वेळ लावायचे आणि बिलं काढायला बसायचे. ही सोय २०२१ मध्ये मीच करून दिली होती.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका लहान इंजिनिअरिंग कंपनीत मी संगणक आणि नेटवर्क बघते. तीन मजले, ६२ संगणक. त्यातले ५१ डोमेनमध्ये (म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या गटात), ११ डोमेनबाहेर. वेगळा आयटी विभाग नाही. मी आणि अर्धा दिवस येणारा एक मुलगा. हे सगळं निस्तरायला मला जून ते सप्टेंबर २०२४ असे तीन महिने लागले. सुरुवातीला कुठून धरायचं हेच कळत नव्हतं, म्हणून झालं तसं लिहून ठेवते आहे.

११ जूनला आमच्या एका मोठ्या ग्राहकाकडून सुरक्षेची प्रश्नावली आली. ८४ प्रश्न, उत्तरांची मुदत ३० ऑगस्ट. दोन प्रश्नांवर मी थबकले. एक, सामान्य वापरकर्त्यांकडे संगणकाचे ॲडमिन हक्क आहेत का? दोन, सगळ्या यंत्रणांची वेळ अधिकृत स्रोताशी जुळवलेली आहे का? दुसऱ्या प्रश्नाखाली सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा हवाला होता. त्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी नातं सांगणाऱ्या सर्व्हरशी जुळलेली हवीत. शिवाय लॉग (यंत्रणेत काय कधी घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या. घड्याळ चुकीचं असेल तर त्या लॉगचा उपयोग काय, हे तिथे वाचल्यावर मला पहिल्यांदा नीट उमगलं. चोरी तीन वाजता झाली आणि कॅमेरा म्हणतो पावणेतीन, तर कुणाच्या शब्दावर जायचं?

आमच्याकडे ॲडमिन हक्क होते. ५१ पैकी ४४ संगणकांवर वापरणारी व्यक्तीच ॲडमिन होती. ‘पहिल्यापासून आहे’ यापलीकडे कुणाकडे उत्तर नव्हतं. म्हणून १८ जूनला मी स्वतःच्या संगणकावर माझ्या रोजच्या लॉगिनचे हक्क काढून पाहिले. दुसऱ्या दिवशी लॉगिन करताना एक काळी खिडकी चमकून गेली. ती थांबवून वाचली: सिस्टिम एरर १३१४, आवश्यक हक्क या वापरकर्त्याकडे नाही. माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली जुनी लॉगिन स्क्रिप्ट होती ती. त्यात ‘नेट टाइम’ कमांडने सर्व्हरची वेळ घेऊन संगणकावर लावायची ओळ होती. लॉगिन स्क्रिप्ट चालते वापरकर्त्याच्या हक्कांनी, आणि सिस्टिमची वेळ बदलायचा हक्क साध्या वापरकर्त्याला विंडोज देत नाही. म्हणून त्या माणसाने स्क्रिप्ट चालावी यासाठी सगळ्यांना ॲडमिन करून टाकलं होतं. एका ओळीपायी ४४ जणांच्या हातात अख्ख्या संगणकाची किल्ली, तीही इतकी वर्षं.

आणि त्या ओळीची मुळात गरजच नव्हती. विंडोजमध्ये ‘विंडोज टाइम’ नावाची सर्व्हिस असते. डोमेनमधला संगणक आपल्या डोमेन कंट्रोलरला, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरला, वेळ विचारतो, आणि सगळे कंट्रोलर शेवटी एकाच कंट्रोलरकडे बघतात, ज्याच्याकडे ‘पीडीसी एम्युलेटर’ ही भूमिका असते. ही सर्व्हिस स्वतःच्या खात्याने चालते. समोर कोण बसलंय, त्याच्याकडे कुठले हक्क आहेत, याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणजे वरचं एक घड्याळ बरोबर ठेवलं की खालची ५१ आपोआप जुळतात. तुमच्याकडे असा काही खास प्रोग्राम असेल ज्यासाठी वेळेची स्क्रिप्ट लागतेच, तर ती लॉगिनऐवजी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका. स्टार्टअप स्क्रिप्ट सिस्टिमच्या हक्कांनी चालते.

मग वरचं घड्याळ तपासलं. डब्ल्यू३२टीएम या कमांडला ‘क्वेरी सोर्स’ असं विचारलं की वेळ कुठून घेतली जाते ते कळतं. साध्या लॉगिनमधून विचारलं तर ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, त्याने घाबरू नका, ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत विचारा. आमचा मुख्य कंट्रोलर हायपर-व्हीवरचा आभासी सर्व्हर (एका खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने चालवलेला) आहे आणि तो वेळ घेत होता ज्या यंत्रावर तो चालतो त्याच्याकडून. ते यंत्र वेळ घेत होतं इंटरनेटवरून, म्हणजे घ्यायचा प्रयत्न करत होतं; फायरवॉलमध्ये (नेटवर्कची बाहेरची ये-जा अडवणारी यंत्रणा) यूडीपी १२३ हे वेळ विचारायचं पोर्ट बंद असल्यामुळे उत्तरच येत नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये बसवल्यापासून ते आपल्या आतल्या क्वार्ट्झवर एकटंच चाललं होतं. मोबाईल शेजारी धरून पाहिलं. सर्व्हर ७ मिनिटं १० सेकंद पुढे.

५१ संगणक एकमेकांशी सेकंदाला सेकंद जुळलेले आणि सगळे सात मिनिटं चुकीचे. एकमेकांशी जुळत असल्यामुळेच कुठे काही अडत नव्हतं. (मुंबईचीही एकेकाळी अशी स्वतंत्र वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि प्रमाणवेळ १९०६ मध्ये येऊनही ती १९५५ पर्यंत पाळली जायची, असं आजोबांकडून ऐकलेलं आठवलं. पण तेव्हा निदान सगळ्या शहराला ते ठाऊक होतं.)

२१ जूनला फायरवॉल सांभाळणाऱ्या कंपनीला मेल केला: फक्त आमच्या दोन सर्व्हरवरून, फक्त ठरावीक वेळ-सर्व्हरकडे, यूडीपी १२३ उघडा. सगळ्या ऑफिसला ते पोर्ट मोकळं करायचं कारण नाही. उत्तर आलं, ‘तिकीट नोंदवलं आहे.’ मग रोज एक फोन. मेलमध्ये स्रोत, गंतव्य, पोर्ट, प्रोटोकॉल आणि कारण या पाच गोष्टी पहिल्याच वेळी लिहायला हव्या होत्या. मी कारण लिहिलं नव्हतं, त्यात चार दिवस गेले. अखेर १ जुलैला त्यांचा माणूस येऊन करून गेला. भेटीचे १,७७० रुपये, जीएसटी धरून.

या दहा दिवसांत एक गोष्ट लक्षात आली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागली ती हीच.

असेंब्लीतल्या एक ताई टिटवाळ्याहून येतात. एप्रिलमध्ये कँटीनमध्ये त्या मला म्हणाल्या होत्या, “मॅडम, माझ्या मोबाईलमध्ये आठ पस्तीस होतात तेव्हा अंगठ्याच्या मशीनमध्ये आठ बेचाळीस दिसतात.” मी ‘बघते’ म्हटलं आणि विसरले. आमची पाळी साडेआठची, दहा मिनिटांची सवलत, तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापतात. हजेरीचं मशीन रोज रात्री सर्व्हरवरून वेळ घेतं. सर्व्हर सात मिनिटं पुढे, म्हणजे दहा मिनिटांच्या सवलतीतली सात मिनिटं आम्ही सगळ्यांच्या खिशातून काढून घेत होतो. लोकलने येणाऱ्या माणसासाठी सात मिनिटं म्हणजे एक अख्खी गाडी.

एचआरला नुसतं सांगून भागणार नव्हतं. “आज सात मिनिटं आहे, मागच्या महिन्यात किती होतं कशावरून?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पुरावा बॅकअपच्या मेलमध्ये सापडला. सर्व्हर रोज रात्री बॅकअपचा अहवाल मेल करतो. त्या मेलच्या हेडरमध्ये दोन वेळा असतात: पाठवल्याची, जी आमच्या सर्व्हरच्या घड्याळाची, आणि पोचल्याची, जी मेल कंपनीच्या घड्याळाची. आमचे मेल पाठवण्याच्या आधीच पोचत होते! जुलै २०२१ चे मेल काढले तर फरक पावणेतीन मिनिटांच्या आसपास, जून २०२४ चे काढले तर सात मिनिटांच्या वर. म्हणजे सर्व्हर रोज साधारण पाव सेकंद पुढे पळत होता, आणि मागच्या तीन महिन्यांत फरक पडला तर वीस-बावीस सेकंदांचा. तीन महिन्यांसाठी सात मिनिटं वजा करणं पूर्ण न्याय्य होतं. मी दोन पानांचा तक्ता करून १० जुलैला दिला. तीन आठवडे फाइल फिरली, सही झाली. नऊ जणांचे मिळून २३ लेटमार्क रद्द झाले आणि कापलेले सहा अर्धे दिवस ऑगस्टच्या पगारात परत मिळाले. ताईंचे त्यात दोन होते. त्यांना जाऊन सांगितलं, आणि एप्रिलमध्ये लक्ष दिलं नाही याबद्दल माफीही मागितली.

प्रत्यक्ष बदलासाठी मी रविवार, ७ जुलै निवडला. डोमेनमध्ये लॉगिन, शेअर केलेले फोल्डर वगैरे कर्बेरॉस नावाच्या पद्धतीवर चालतात आणि तिला दोन यंत्रांमधला पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. आम्ही सर्व्हर सात मिनिटं मागे आणणार, म्हणजे जुळेपर्यंत बाकीचे सगळे त्या मर्यादेबाहेर. चालू दिवशी हे केलं असतं तर सर्व्हरवरच्या फाइली उघडताना अडचणी येऊ शकल्या असत्या. म्हणून सगळे संगणक बंद, आदल्या रात्रीचा बॅकअप तपासलेला, आणि काम सुरू केलं सकाळी साडेदहाला.

आधी हायपर-व्हीमध्ये त्या आभासी सर्व्हरची ‘टाइम सिंक्रोनायझेशन’ची खूण काढली, नाहीतर खालचं यंत्र त्याला पुन्हा आपल्या चुकीच्या वेळेवर ओढत राहतं. मग मुख्य कंट्रोलरला एनआयसीचे समय१ आणि समय२ हे दोन सर्व्हर आणि जोडीला प्रयोगशाळेचा सर्व्हर असे तीन पत्ते दिले, आणि तो विश्वासार्ह स्रोत असल्याचं जाहीर केलं. तीन पत्ते अशासाठी की दोघांत मतभेद झाला तर कोण बरोबर हे ठरवायला तिसरा लागतो. सर्व्हिस बंद करून सुरू केली, जुळवायची आज्ञा दिली, आणि कोपऱ्यातलं घड्याळ ११:२६ वरून ११:१९ वर आलं. दुसरा कंट्रोलर पाठोपाठ जुळला. मग एकेक मजल्यावरचे संगणक सुरू केले. ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधल्या संगणकांना एकाच जागेवरून नियम लावायची सोय) जुनी लॉगिन स्क्रिप्ट काढून टाकली. तीन वाजता शेवटचा संगणक तपासला.

तपासायला ‘स्ट्रिपचार्ट’ फार उपयोगी. डब्ल्यू३२टीएमचाच भाग आहे, ॲडमिन हक्क लागत नाहीत. तो समोरच्या सर्व्हरला वेळ विचारतो, प्रश्न पाठवल्याची आणि उत्तर मिळाल्याची वेळ धरून जाण्यायेण्याचा काळ वजा करतो आणि फरक दाखवतो. माझ्या संगणकावर पाच ओळी आल्या, सगळ्या ०.०२ सेकंदाच्या आत. त्या पाच ओळींचा फोटो मी काढून ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी, ८ जुलैला, रात्री एकपासून इतका पाऊस झाला की मध्य रेल्वे कोलमडली आणि ऑफिसात १७ जण पोचले. मला तो दिवस शांतपणे निरीक्षणाला मिळाला.

पुढची चूक माझी. कुणालाही वेळ बदलता येऊ नये म्हणून १५ जुलैला ग्रुप पॉलिसीत ‘सिस्टिमची वेळ बदलणे’ या हक्कात फक्त ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ लिहिलं. नशिबाने आधी तीनच संगणकांवर. दुसऱ्या दिवशी त्या तिघांचं जुळणं बंद. १७ तारखेला आषाढीची सुट्टी होती. घरी साबुदाण्याची खिचडी निवत होती आणि मी लॅपटॉपवर हेच शोधत होते. कारण साधं निघालं. पॉलिसीत ती यादी लिहिली की मूळची यादी पुसली जाते, आणि मूळ यादीत ‘लोकल सर्व्हिस’ हे खातं असतं. विंडोज टाइम सर्व्हिस चालते ती याच खात्याने. मी रखवालदारालाच गेटबाहेर काढलं होतं. ‘लोकल सर्व्हिस’ परत लिहिलं, तिन्ही संगणक पुन्हा सुरू केले, सुरळीत. खरंतर साध्या वापरकर्त्याकडे हा हक्क मुळातच नसतो, त्यामुळे तुम्ही या पॉलिसीला हात लावलाच नाहीत तरी चालेल.

ॲडमिन हक्क काढायला २२ जुलैला सुरुवात केली. २० तारीख जीएसटीची, त्याआधी अकाउंट्सच्या वाटेला जायचं नाही हे मी पक्कं ठरवलं होतं. रोज आठ-दहा संगणक. प्रत्येकाकडे आदल्या दिवशी जाऊन विचारलं की असं कोणतं काम आहे जे करताना विंडोज परवानगी विचारतं आणि ‘यस’ दाबावं लागतं. अकाउंट्सच्या ताईंना डिजिटल सहीच्या टोकनची काळजी होती. ड्रायव्हर आधीच बसलेला असल्यामुळे सही करायला काही लागलं नाही. डिझाइनमधल्या दोघांचं जुनं सॉफ्टवेअर स्वतःच्या फोल्डरमध्ये फाइली लिहायचं, तिथे तेवढ्या फोल्डरचा हक्क दिला. प्रत्येक संगणकाच्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड वेगळा व्हावा म्हणून विंडोज लॅप्स लावलं. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच येतं, वेगळे पैसे लागत नाहीत. ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं दोघा-तिघांनी विचारलं. मी त्यांना माझं लॉगिन दाखवलं. तेही साधंच.

एका संचालकांच्या लॅपटॉपने मात्र दोन दिवस खाल्ले. घड्याळ बरोबर दीड तास मागे. सर्व्हिस ठीक, स्रोत ठीक. शेवटी लक्षात आलं की साहेब दुबईला जाऊन आले आहेत आणि टाइम झोन तिथलाच राहिला आहे. टाइम झोन बदलायला ॲडमिन हक्क लागत नाहीत, साहेबांनी तो स्वतःच बदलला होता. फरक अर्ध्या तासांच्या पटीत असेल तर आधी झोन बघा.

डोमेनबाहेरच्या ११ संगणकांचं काम ऑगस्टमध्ये केलं. तिथे काकांच्या २००९ चं कोडंही सुटलं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ आरंभीच्या तारखेला जातं. मग विंडोज आपणहून का दुरुस्त करत नाही? कारण डोमेनबाहेरच्या संगणकावर १५ तासांपेक्षा जास्त फरक असेल तर सर्व्हिस तो स्वीकारत नाही. ही मर्यादा रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) वाढवता येते, पण मी वाढवली नाही. कुठून तरी भलती तारीख आली तर तीच आपल्याला वाचवते. स्टेशनजवळच्या दुकानातून ३५ रुपयांना एक असे १४ सेल आणले, ४९० रुपये. सेल बदलताना जुन्याची वरची बाजू कुठली ते आधी बघून ठेवा, आणि बदलल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तारीख लावा.

११ पैकी सात डोमेनमध्ये घेतले, काकांचा त्यात आला. उरलेल्या चारांवर विंडोज होम, म्हणजे घरगुती आवृत्ती, आहे आणि होम डोमेनमध्ये येत नाही. त्यांना वेळ-सर्व्हर म्हणून आमचाच कंट्रोलर दिला, सर्व्हिस ‘ऑटोमॅटिक’ केली (डोमेनबाहेर ती कायम चालू राहीलच असं नाही), आणि टास्क शेड्युलरमध्ये सिस्टिम खात्याने चालणारं एक काम ठेवलं: सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी आणि मग दर चार तासांनी वेळ जुळवायची. वापरणाऱ्याला काही दिसत नाही, काही दाबावं लागत नाही.

२९ ऑगस्टला उत्तरं पाठवली. सोबत स्ट्रिपचार्टचे निकाल, प्रत्येक संगणकावरच्या ॲडमिन गटाची यादी, फायरवॉलच्या नियमाचं चित्र. ६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, एक शंका आली: हजेरीच्या मशीनचं काय? तेही सर्व्हरवरून वेळ घेतं, हे लिहून कळवलं. १९ तारखेला प्रश्नावली मंजूर झाल्याचा मेल आला. बाहेर दिलेला एकूण खर्च २,२६० रुपये.

गणपतीनंतर एका रात्री वीज गेली होती. सकाळी पावणेनऊला काकांचा फोन. “मॅडम, आज तारीख बरोबर दिसतेय. मी काही करायचंय का?” “काही नाही काका, बिलं काढा.” दुपारी खाली गेले तेव्हा चिठ्ठीच्या जागी नुसता चिकटपट्टीचा पिवळा चौकोन होता. चिठ्ठी त्यांनी घडी घालून माझ्यासाठी ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

चार होम संगणकांना प्रो करायचा प्रस्ताव अजून साहेबांच्या टेबलावर आहे. तोवर दर सोमवारी सकाळी मी दोन्ही कंट्रोलर, ते चार संगणक आणि हजेरीचं मशीन तपासते. फरक एका सेकंदाच्या वर गेला तर त्याच दिवशी कारण शोधायचं, असं वहीत लिहून ठेवलं आहे. आतापर्यंत एकदाच गेला, तोही नेटवर्कची वायर सैल झाल्यामुळे.